आधी गल्ली, मग ॲमेझॉन

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात एखादा पोरगा ‘मला पायलट व्हायचंय’ म्हणाला की घरचे कर्जाचा हिशेब मांडतात आणि शेजारचे लग्नाचा. पण समजा, एखाद्या ख्रिस्ती घरातल्या पोराने जाहीर केलं की मला मिशनरी पायलट व्हायचंय, तर दोन्ही हिशेब कोलमडतात. पगार किती? सांगता येत नाही. या वाटेवरच्या अनेकांना आपला खर्च भागवायला मंडळ्यांकडून आणि ओळखीपाळखीतून देणग्या जमवाव्या लागतात. कंपनी कुठली? कंपनी नाही, सेवा आहे. विमान कुठे जाणार? जिथे धड रस्ता नाही तिथे. यावर संध्याकाळच्या गर्दीत स्टेशन रोडवर अडकलेला कोणीही काका म्हणेल, ‘मग बाहेर कशाला जातो, इथूनच सुरू कर की!’

ही सेवा अस्तित्वात आहे, हे पटवण्यातच त्याचा निम्मा उत्साह खर्ची पडतो. दुसऱ्या महायुद्धात उडालेल्या काही ख्रिस्ती वैमानिकांनी 1945 साली अमेरिकेत एक संस्था काढली. पुढे ती ‘मिशन एव्हिएशन फेलोशिप’ नावाने जगभर पसरली. दवाखान्यापर्यंत रुग्ण, खेड्यापर्यंत औषधं आणि दुर्गम ठाण्यांपर्यंत मिशनरी पोचवायचे, हे तिचं काम. पहिलं उड्डाण 1946 च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या दिशेने झालं आणि ते केलं बेटी ग्रीन या बाईंनी. ‘पायलट आणि त्यातून मिशनरी, हे काय बायकांचं काम आहे का’ असं म्हणणाऱ्या मामांसाठी ही माहिती पोराने पाठ करून ठेवावी. त्याआधी जर्मनीत फादर पॉल शुल्टे नावाचे ‘उडते पाद्री’ होऊन गेले. 1936 साली हिंडेनबर्ग या महाकाय हवाई जहाजात अटलांटिकवरून जाताना त्यांनी मिस्सा ही कॅथलिक उपासना अर्पण केली. जहाजाच्या पोटात हायड्रोजन भरलेला, त्यामुळे वेदीवरच्या मेणबत्त्या न पेटवताच ठेवल्या होत्या. श्रद्धा आणि सुरक्षा एकत्र नांदल्याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आणि हवाई टपालाच्या बाबतीत तर भारत चक्क पहिला आहे. 18 फेब्रुवारी 1911 रोजी अलाहाबादेतून नैनीला जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल गेलं. आंरी पेके नावाचा फ्रेंच वैमानिक सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन यमुना ओलांडून गेला. पत्रामागे सहा आणे जादा आकार होता आणि तो पैसा चालला होता हॉलंड नावाच्या पाद्रीसाहेबांच्या विद्यार्थी वसतिगृहाला. म्हणजे विमान अजून धड उडायला शिकत होतं, तेव्हाच चर्चने त्याला वर्गणीच्या कामाला जुंपलं होतं.

असो. आपला पोरगा, ज्याला गल्ली एव्हाना ‘कॅप्टन’ म्हणू लागली आहे, प्रशिक्षणाला लागतो. बारावीला फिजिक्स आणि गणित असावं लागतं, हे कळल्यावर अर्धे कॅप्टन तिथेच जमिनीवर येतात. मग डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा: नेव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक विषय. वैद्यकीय तपासणी. रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. आणि व्यावसायिक लायसन्ससाठी 200 तासांचं उड्डाण, त्यातले 100 तास स्वतः कप्तान म्हणून. शिवाय एक 300 सागरी मैलांचा प्रवास, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. त्यासाठी जायचं बारामती, धुळे किंवा गोंदियाला. सुट्टीत मात्र कॅप्टनसाहेब एसटीने येतात, सीटखाली पिशवी कोंबून, आणि ड्रायव्हरमामांच्या घाटातल्या वळणांकडे व्यावसायिक कौतुकाने बघत.

या शिक्षणातला सर्वांत आनंदाचा दिवस पहिल्या सोलोचा. शिक्षक खाली उतरतो, पोरगा एकटा उडतो, एक चक्कर मारून उतरतो आणि उतरताच सोबती पाण्याच्या बादल्याच्या बादल्या त्याच्या डोक्यावर ओततात. अनेक फ्लाइंग क्लबांत ही जुनी रीत आहे. याचा व्हिडिओ घरी पोचल्यावर काय होतं याची कल्पना करावी. आई रडते. शेजारच्या काकू विचारतात, ‘अवेळी होळी कशी काय?’ आणि जन्मभर उपासना न चुकवलेली आजी चष्मा नीट करून म्हणते, ‘अगं, याचा बाप्तिस्मा लहानपणीच झालाय की! परत कशाला?’

मिशनच्या वैमानिकाला याच्या पुढचंही बरंच शिकावं लागतं. अनेक जण विमान दुरुस्तीही शिकतात, कारण जंगलात मेकॅनिक कुठून आणणार? गल्लीला हे कळायचा अवकाश, की दारात मिक्सर, कूलर आणि सुरू न होणारी स्कूटी यांची रांग लागते. ‘विमान दुरुस्त करतो म्हणतोस, मग हे काय अवघड आहे?’ दुसरी गोष्ट वजनाची. पापुआच्या डोंगरांतल्या कित्येक धावपट्ट्या आखूड आणि उताराच्या असतात. उतरायचं चढाच्या तोंडाने, उडायचं उताराच्या तोंडाने. जागा उंचावर असली, हवा तापलेली असली की हवा विरळ होते आणि विमानाची उचलण्याची ताकद घटते. म्हणून तिथे नुसतं सामान मोजून भागत नाही, प्रवाशालाही काट्यावर उभं करतात. हा नियम उस्मानपुऱ्यात लावून पाहण्याची हिंमत कोणी करू नये. आपली चिकलठाण्याची धावपट्टीही समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर आहे आणि मे महिन्यात तिथली हवा काय असते हे सांगायला नको. पण म्हणून एखाद्या काकूंना ‘तुमचं वजन किती?’ विचारणारा पोरगा पुढच्या नाताळच्या फराळाला मुकतो.

आता मूळ कामाकडे. विमान मिळायचं तेव्हा मिळेल. सुवार्ता सांगायला विमान लागत नाही. पाळकसाहेब म्हणतात, ‘दूरदेशी जायचं ते जा, आधी इथे साक्ष दे.’ कॅप्टन एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर मित्रांत बसतो आणि घसा खाकरून सुरू करतो, ‘येशूने माझं आयुष्य बदललं.’ समोरचा कटिंगचा घोट घेत म्हणतो, ‘कधी? परवा तर माझ्या गाडीतलं पेट्रोल संपवून चावी देऊन गेला होतास!’

इक्वेडोरच्या जंगलात ही अडचण येत नाही. तिथे तुमचे दहावीचे मार्क कोणाला ठाऊक नसतात. खुद्द येशूलाही नासरेथच्या मंडळींनी सुताराचा पोरगा म्हणूनच मोजलं होतं, तिथे कॅप्टनची काय कथा.

त्यातून उस्मानपुरा. इथे गुरुद्वारा आहे, संत एकनाथांच्या नावाचं रंगमंदिर आहे, हाकेच्या अंतरावर पीर बाजार आहे. धर्म ऐकणाऱ्या माणसांचा इथे तुटवडा नाही. तुटवडा आहे तो ऐकून झाल्यावर आपला धर्म ऐकवायला न घेणाऱ्यांचा. कॅप्टन दोन वाक्यं बोलतो, तर रिक्षावाले चाचा पाऊण तास बोलतात. त्यात हदीस येते, नात्यातल्या कोणाच्या हजची हकिगत येते आणि शेवटी ‘तू अच्छा बच्चा है, मियाँ, चाय पी’ म्हणून बिल तेच भरतात. घटनेच्या 25व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, आणि 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा काही त्यातला मूलभूत हक्क नाही. प्रलोभनाचा तर प्रश्नच येत नाही, कारण चहाचे पैसे नेहमी समोरच्यानेच दिलेले असतात.

खरा धडा मिळतो तो रेडिओच्या वर्गात. विमानाच्या रेडिओवर बोलायचं तर बटण दाबून धरावं लागतं आणि ते दाबलेलं असेपर्यंत त्या रेडिओवर समोरचं काहीही ऐकू येत नाही. एखाद्याचं बटण चुकून दाबलेलंच राहिलं तर त्या फ्रिक्वेन्सीवरच्या सगळ्यांचीच पंचाईत होते. हे शिकल्यावर कॅप्टनला आपल्या पहिल्या चार साक्षी आठवतात आणि कानाच्या पाळ्या लाल होतात.

आधी ऐकावं लागतं, हे मराठी मुलुखातल्या जुन्या मंडळींना वर्गात न बसता कळलं होतं. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी लोकांच्या अंगवळणी पडलेलं कीर्तन उचललं आणि त्यातून ख्रिस्तचरित्र सांगितलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पुढे अभंग लिहिले, कीर्तनं केली. खुद्द टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूर-राजनांदगाव प्रवासात, आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी साहेबाकडून. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घरात काय वादळ उठलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितलंच आहे, ज्याने वाचलं नसेल त्याने हा लेख इथेच सोडून ते वाचायला घ्यावं. मराठवाड्यात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवून बेथेल नावाचं गावच वसवलं. पारशी घरात जन्मलेले रेव्हरंड रत्नजी नवरोजी आपल्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, वर्षानुवर्षं राहिले. यांच्यापैकी कोणाकडे विमान नव्हतं. बैलगाडी होती, आणि बैलगाडीत सोबत बसलेल्याचं ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसतं.

विमानवाल्यांची गोष्टही शेवटी तिथेच येते. इक्वेडोरमध्ये नेट सेंट या वैमानिकाने 1955 साली एक भन्नाट युक्ती वापरली होती. विमान वर गोल घिरट्या घालतं, खाली सोडलेल्या लांब दोरीच्या टोकाची बादली जवळजवळ जागच्या जागी राहते. अशा रीतीने तिथल्या जंगलातल्या वाओरानी लोकांना भेटी पोचवल्या गेल्या आणि त्यांनीही परत भेटी पाठवल्या, त्यात एक जिवंत पोपट होता. 8 जानेवारी 1956 रोजी मात्र नदीकाठी उतरलेले नेट आणि त्यांचे चार सोबती वाओरानींच्याच भाल्यांनी मारले गेले. पुढे 1958 मध्ये नेटची बहीण रेचल आणि मारल्या गेलेल्या जिम एलियटची पत्नी एलिझाबेथ, तीन वर्षांच्या लेकीला घेऊन, त्याच लोकांत राहायला गेल्या. त्यांची भाषा शिकल्या, त्यांच्यासारख्याच झोपड्यांत राहिल्या. तिथवरच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा त्यांनी पायी पार केला होता.

तेव्हा उस्मानपुऱ्यात असा कोणी कॅप्टन सुट्टीवर आलेला भेटला, तर त्याला चहा पाजा आणि त्याच्याशी बिनधास्त वाद घाला, सवय होऊ द्या त्याला. मिक्सर मात्र दुकानातच न्या. आणि त्याने कधी वजन विचारलंच, तर खरं सांगा. पाच किलो कमी सांगितलेलं विमानाला चालत नाही.