गाडी उंच करणाऱ्या नवशिक्यांसाठी

गाडी उंच का करायची, हे स्वतःला मुळीच विचारू नका. विचारलंत तर ती होणार नाही. शारजातल्या अल बदायरच्या वाळूत मित्राची निसान पॅट्रोल चढली आणि आपली रुतली, एवढं कारण भरपूर झालं. त्याने टायरमधली हवा ३५ वरून १५ पीएसआयवर आणली होती, हा तपशील घरी सांगू नये. हवा सोडायला दमडी लागत नाही. मग खर्च मंजूर कसा होणार?

आता शारजा औद्योगिक क्षेत्र गाठा. बोर्ड वाचत बसू नका, आत कुठल्या गाड्या उघडून ठेवल्यात ते बघा. उस्तादाला ‘दोन इंच’ सांगा. चार म्हणालात तरी तो हो म्हणेल. नाही म्हणायची तिथे पद्धत नाही. परवानगीचं मात्र टेस्टिंग सेंटरवर आधी विचारून घ्या, मुल्किया, म्हणजे गाडीची नोंदणी, नव्याने काढताना रडारड नको.

स्प्रिंग आणि शॉकअप बदलताना करक चहा घेत फोटो काढायला हरकत नाही. बुशाचे बोल्ट आवळायची वेळ आली की फोन खिशात घाला. गाडी जॅकवर लटकत असताना बोल्ट गच्च केले, तर खाली उतरल्यावर बुशाचं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीला टेकवा, बंपर दोनदा दाबा, मग शेवटचा पाना. उस्ताद कीव आल्यासारखा बघेल. बघू द्या.

झाली गाडी उंच. वाकून बघा: डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तितक्याच उंचीवर आहे. जुन्या पॅट्रोलसारख्या सलग एक्सलच्या गाडीत तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. पाहुण्यांना हे दाखवू नका.

खरी मजा मलीहाच्या रस्त्यावर. वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, गाडी लेनमध्ये डुलते. गेला तो कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून ती सरळ धावते. तोच तिरकेपणा इथे कमी झाला. बॉडी वर गेली, एक्सलचे आर्म खाली झुकले आणि एक्सल पुढच्या बाजूला कलंडला. एक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडने त्याला थोडं बाजूलाही ओढलं.

इथे नवशिका अलाइनमेंटच्या दुकानात जाऊन ‘सगळं सेट करा’ म्हणतो. मशीन लाल आकड्यांचा कागद देतं. तिथला माणूस टो-इन करून देतो, कारण सलग एक्सलवर त्याच्या हातात तेवढंच आहे. कॅस्टरसाठी ऑफसेट बुश किंवा वेगळे आर्म, एक्सल मधोमध आणायला कमी-जास्त होणारा पॅनहार्ड रॉड, असं सगळं वेगळं विकत घ्यावं लागतं. लिफ्टचा भाव ठरवतानाच हे धरा. एफजे क्रूझरवाल्यांची तऱ्हा निराळी, पुढे सलग एक्सलच नाही: खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर कॅम्बर-कॅस्टर थोडा जुळतो, पण उंचीचा हव्यास केला की ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटतात.

शेवटी स्टिअरिंग तिरकं राहिलं, तर कोणीतरी ते उपसून दोन दात सरकवून बसवेल. बसवू देऊ नका. ड्रॅग लिंकची लांबी जुळवायला सांगा, नाहीतर डावीकडे भरपूर वळणारी गाडी उजवीकडे पार्किंगमध्येच अडेल.