लाडकी कंपनी

शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत राज्याच्या तिजोरीची जेवढी काळजी वाहिली जाते, तेवढी मंत्रालयातही वाहिली जात नसेल. बाहेर पाऊस, समोर कांदाभजी आणि विषय ठरलेला. लोकांना फुकटची सवय लागली, लाडक्या बहिणींनी राज्य बुडवलं, हल्ली कामाला बायका मिळत नाहीत. यातलं शेवटचं वाक्य कानावर पडतं तेव्हा स्वयंपाकाची बाई भज्यांचा दुसरा घाणा घेऊन दारात उभी असते.

लाडकी बहीण योजनेतून तिला मिळतात महिन्याला दीड हजार, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. एक्स्प्रेसवेवर मोटारीचा मुंबई-पुणे टोल एप्रिल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. जवळजवळ साडेसहा दिवसांची बहीण एका फेरीत टोलनाक्यावर संपते.

व्हरांड्यातली सगळीच बडबड पोकळ असते असंही नाही. २०२४ च्या जून अखेरीस, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवारांनी ही योजना मांडली आणि वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला. प्रचारात दीड हजाराचे एकवीसशे करण्याचा शब्दही दिला गेला. मतं पडेपर्यंत अर्ज धडाधड मंजूर झाले. छाननी सुचली ती नंतर. २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार जणांचे पैसे थांबले आणि लाभार्थ्यांत १४,२९८ चक्क पुरुष निघाले. त्याच वर्षी सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडे वळवला म्हणून खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट जाहीरपणे चिडले. आदिवासी विकास खात्याच्या पैशालाही अशीच वाट फुटली. म्हणजे मावळातल्या कातकरी बाईला भावाने ओवाळणी घातली, ती तिच्याच कनवटीची.

मग आलं ई-केवायसी. बाईने स्वतःचा आधार क्रमांक द्यायचा, शिवाय नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा. ओटीपी जाणार त्यांच्या मोबाईलवर. लोहगडाच्या पायथ्याची बाई कामाचा खाडा करून वडाप जीपने खाली उतरते, केंद्रावर रांग लावते. नवरा तळेगावला कंपनीत कंत्राटावर, मोबाईल त्याच्या लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत तो आकडा सांगतो तोवर ओटीपीची मुदत संपलेली. बाप आणि नवरा दोघंही वारले असतील तर कुणाचा आधार घालायचा, हा प्रश्न सरकारला पडायला बायका रडकुंडीला याव्या लागल्या.

याच तळेगावात २०२२ मध्ये आणखी एका लाडक्या पाहुणीची वाट पाहिली जात होती. वेदांता-फॉक्सकॉन. १ लाख ५४ हजार कोटींची गुंतवणूक, सेमीकंडक्टरचा कारखाना. तिला महाराष्ट्राने देऊ केलेल्या सवलतींचा त्या वेळी छापून आलेला आकडा ३९ हजार कोटींच्या घरातला होता. कोट्यवधी बहिणींच्या वर्षभराच्या ओवाळणीच्या जवळपास जाणारी रक्कम, एकट्या कंपनीला, तीही काही वर्षांत मिळून का होईना. सप्टेंबरात ती गुजरातला गेली. तेव्हा फुकटेगिरी टळली म्हणून कुणी पेढे वाटले नाहीत. उलट सत्ताधारी आणि विरोधक तिला कुणी घालवलं यावर एकमेकांच्या अंगावर धावले. आपले पैसे कुणीतरी घेतले नाहीत म्हणून एवढा शोक या राज्याने क्वचितच केला असेल. पुढे जुलै २०२३ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनने वेदांताशीच काडीमोड घेतला.

दिल्लीची रीतही तीच. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला; सरकारच्याच हिशेबाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडलं. पंतप्रधानांनी २०२२ मध्ये 'रेवडी संस्कृती'पासून सावध राहायला सांगितलं तेव्हा बोलणं या करसवलतीबद्दल नव्हतं.

आणि तुंगार्ली-तळेगाव ज्यात येतात त्या मावळाने दिलं ते? वळवण आणि शिरवत्याच्या धरणांचं पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईला वीज दिली. पवनेच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड वाढलं. ते पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याला विरोध करायला शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तिघे गेले. मुंबईला किंवा पिंपरीला यासाठी लाभार्थी म्हणण्याची पद्धत नाही.

सबब, सरकारने यापुढे सवलत मागणाऱ्या प्रत्येक कंपनीचं ई-केवायसी वडगाव मावळला करावं. अध्यक्षांनी शिधापत्रिका घेऊन सकाळी नऊला रांगेत उभं राहावं. पिवळी वा केशरी नसेल तर अडीच लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला जोडावा. घरात चारचाकी नसल्याचं हमीपत्र द्यावं, ट्रॅक्टर चालेल. मूळ कंपनी परदेशात असल्यास ओटीपी तैवानला जाईल, तो मुदतीत कळवण्याची जबाबदारी अर्जदाराची. दोन वाजता खिडकीतला मुलगा मान वर न करता सांगेल, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या. येताना झेरॉक्स आणा.