एकास दीडशे

रत्नागिरी जिल्ह्यात सपाट जागा फार नाही, आणि जी आहे तिच्यावर कुणाचा ना कुणाचा दावा चालू असतो. त्यामुळे लाकडी रेल्वे मांडायला नातवंडांनी आमच्या कुवारबावच्या घराचं माजघर निवडलं ते नाइलाजानं. घर वडिलांनी बांधलेलं, जमीन कोब्याची. कोबा घालणाऱ्या गवंड्यानं लेव्हल नुसत्या डोळ्यांनी पाहिली असावी, कारण माजघरात गोटी सोडली की ती कुणालाही न विचारता स्वयंपाकघरात जाते. थोरल्या नातीनं रूळ मांडले, त्यावर डबा ठेवला आणि हात काढला. डबा आपणहून निघाला. "आजोबा, तुमच्या घराला इंजिन लागतच नाही," ती म्हणाली.

माझ्या पिढीच्या रत्नागिरीकराला खेळण्यातली आगगाडी ठाऊक नव्हती, कारण खरीही नव्हती. रेल्वे बघायची तर एस्टीनं आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. एरवी रेल्वे म्हणजे मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चुलतभावंडांनी फुशारकी मारायचा विषय. "आमच्याकडे दर तीन मिनिटांनी येते," असं ते सांगत, आणि आम्ही दिवसातून दोनदा येणाऱ्या एस्टीकडे पाहून गप्प बसत असू. कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झालं आणि 1998 मध्ये सबंध मार्ग सुरू झाला, तोवर मी चाळिशी ओलांडलेली. त्या वयात माणूस रेल्वेत बसतो, सुटे पैसे मोजून चहा घेतो, पण रेल्वेशी खेळत नाही. त्यामुळे मुलानं नातवंडांच्या नावानं लाकडी रुळांचं खोकं पाठवलं, ते मी मुलं यायच्या आधीच फोडलं. तुकडे सगळे आलेत की नाही हे कुणीतरी पाहायलाच हवं होतं.

या खेळाचं मूळ स्वीडनचं. तिथल्या ब्रिओ कंपनीनं 1958 मध्ये लाकडी रेल्वे काढली आणि पुढे जगभरच्या कंपन्यांनी त्याच मापाचे रूळ काढले. आमचा संच कुठला ते विचारू नका, खोक्यावरचं चित्र आणि आतला माल यांची ओळख नव्हती. पण नियम तेच. आठ वळणं जोडली की गोल पुरा होतो. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला खुंटी, दुसऱ्याला खाच. फिरत फिरत शेवटी दोन खुंट्या समोरासमोर आल्या की मात्र संपलं. आमच्या भाऊबंदकीतल्या बांधावर एक वेळ तडजोड होईल, इथं नाही. त्यासाठी संचात दोन्हीकडे खाच असलेला एक तुकडा देतात, आणि तो नेहमी कपाटाखाली असतो. डब्यांना चुंबकं आहेत, पण डबा उलटा लागला की पुढच्याला ढकलून देतो. धाकट्या नातवाला हा प्रकार इतका आवडला की तो मुद्दाम उलटेच डबे लावतो आणि "जा, जा" म्हणत हसतो.

एक मजला होता तोवर घरात शांतता होती. थोरलीला दुसरा हवा झाला. वरून एक गाडी, खालून एक गाडी, आणि दोघींनी एकाच वेळी एकमेकींना ओलांडायचं. खालची गाडी पुलाखालून सुखरूप जायची तर वरचा रूळ साडेसात सेंटिमीटर तरी उचलायला हवा. संचात चढाचे तयार तुकडे होते. ते इतके उभे की इंजिन पायथ्याशी चाकं फिरवत बसे, आणि हातानं ढकललंच तर माथ्यावर शेवटचा डबा चुंबक सोडून माघारी येई. मी म्हटलं, मागून बँकर लावू. बोरघाटात चढ एकास सदतीस, म्हणून तिथं कर्जतला गाडीमागे जादा इंजिनं लावतात. थोरलीनं धाकट्याचा हात बँकर नेमला. त्या बँकरला थांबणं ठाऊक नसल्यामुळे गाडी माथा ओलांडून थेट देवघरात गेली.

एव्हाना शेजारचे निवृत्त ओव्हरसियर आले होते. रत्नागिरीत कुठंही काही बांधायला काढलं की दहा मिनिटांत एक निवृत्त ओव्हरसियर येतो. बोलवावा लागत नाही. त्यांनी चढ पाहिला, सुपारी कातरली आणि म्हणाले, "कोकण रेल्वेचा रूलिंग ग्रेडियंट किती माहित्येय? एकास दीडशे. एक मीटर चढायला दीडशे मीटर लांबी. हे तुम्ही काय केलंयत? जिना?"

आता एकास दीडशेनं साडेसात सेंटिमीटर चढायचं तर सव्वाअकरा मीटर लागतात. पुलापलीकडे उतरायला पुन्हा तेवढेच. आम्ही टेप घेऊन मोजायला लागलो. माजघरातून निघालेली गाडी स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दारानं बाहेर पडत होती आणि न्हाणीघराला वळसा घालून विहिरीपाशी उतरत होती. आजीनं तिच्या हद्दीतून जाणाऱ्या भागाला भूसंपादनाची परवानगी नाकारली. मोबदल्याची चौकशीसुद्धा केली नाही.

तेव्हा ओव्हरसियरांनी मुलांना समजावलं, आणि इतकं बरं ते आयुष्यात कधी बोलले नसतील. म्हणाले, कोकणात रेल्वे डोंगर चढलीच नाही. रोह्यापासून ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर तिनं जमेल तितकी आपली पातळी सोडली नाही. डोंगर आडवा आला की पोटातून गेली, म्हणून नव्वदीच्या वर बोगदे. आपल्या इथला करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटर. आणि दरी आली की पूल. गाडी आहे तिथंच राहते. वरखाली काय व्हायचं ते जमीन होते.

थोरली ऐकत होती. ती उठली, माजघराच्या उंबऱ्यापाशी गेली आणि खाली पडवीकडे पाहत राहिली. आमच्या घरात माजघरातून पडवीत उतरायला वीतभर उंचीची पायरी आहे. तिच्यावर ठेचकाळला नाही असा पाहुणा नाही. "आजोबा," ती म्हणाली, "रूळ चढवायचा कशाला? तो असाच सरळ बाहेर येऊ दे. पडवी खालीच आहे की."

ओव्हरसियर सुपारी चघळायचे थांबले.

मग पानवलचा पूल झाला. खरा पानवलचा पूल आमच्या जवळच आहे, 424 मीटर लांब, 64 मीटर उंच. तो बांधताना दरीत परांच्या उभारल्या नाहीत. एका काठावर तुळईचा एकेक भाग ओतायचा आणि मागून रेटत रेटत खांबांवरून पलीकडे सरकवायचा, अशी ती रीत. भारतात हे प्रथम तिथं झालं. मुलांना मी एकदा पूल दाखवायला नेलं होतं, पण धाकट्यानं तिथं फक्त बकरी पाहिली.

आमचे खांब म्हणजे पिकायला ठेवलेल्या हापूसचे दोन-दोन डझनांचे खोके. त्यांची उंची पायरीपेक्षा बोटभर कमी पडत होती, ती जुन्या दिवाळी अंकांनी भरून काढली. त्या अंकांचा इतका पायाभूत उपयोग पूर्वी झाला नव्हता. लाकडी रुळांची गोम अशी की खुंटी त्यांना डावीउजवीकडे सरकू देत नाही, पण खाली झुकायला तिची काहीच हरकत नसते; दोन खोक्यांच्या मधे रूळ आला की सांधा मान टाकतो. म्हणून रूळ एका लांब फळीवर मांडले आणि ती फळी माजघरातून बाहेर रेटायची ठरली. खऱ्या कामात तुळईच्या टोकाला पोलादाचं हलकं नाक जोडतात. ते आधी पुढच्या खांबावर टेकतं आणि तुळई दरीत कलंडत नाही. आम्ही फळीला सुतळीनं कालथा बांधला. स्वयंपाकघरातून "धिरडं उलटायचं कशानं?" असा सवाल आला, पण काम निर्णायक टप्प्यावर होतं.

फळी सरकली. कालथा पहिल्या खोक्यावर टेकला, मग दुसऱ्यावर. ओव्हरसियर पडवीत ओणवे होऊन "येऊ दे, येऊ दे, सबूर" करत होते. सत्तरीपुढच्या माणसाला इतकं खाली वाकलेलं मी सत्यनारायणालाही पाहिलेलं नाही. वरून थोरलीची प्रवासी गाडी निघाली. खालून धाकट्याची मालगाडी: उघड्या डब्यावर रबरी ट्रक, म्हणजे ट्रक वाहणारी आमची रो-रो, आणि मागच्या डब्यात सावंतवाडीच्या चितार आळीतला लाकडी आंबा, डब्यापेक्षा मोठा. दोन्ही गाड्यांनी एकमेकींना ओलांडलं. मी टाळ्या वाजवल्या. ओव्हरसियरांनी वाजवल्या. थोरली म्हणाली, "आता तिसरा मजला."

धाकटा पुलाखाली पालथा पडून वर पाहत होता. त्याला गाडी जाण्यात रस नव्हता, ती पडायची कधी एवढंच त्याला हवं होतं. धाकटा हा आमच्या मार्गावरचा पावसाळा आहे. खऱ्या कोकण रेल्वेला पावसाळ्यापुरतं वेगळं वेळापत्रक असतं, दरडींच्या भीतीनं गाड्या बेतानं चालतात. आम्हीही तसंच केलं: तो झोपला की वेगवान गाड्या, उठला की सावकाश, आणि त्याच्या डोळ्यांत चमक दिसली की वाहतूक बंद.

पूल पाडला मात्र त्यानं नाही. आंबे पिकले. वास घरभर सुटला, आणि मुंबईच्या व्याह्यांना पाठवायचा खोका म्हणजे आमचा खांब नंबर दोन, हे आजीनं जाहीर केलं. मुंबईला जाणारा माणूस दारात उभा होता. ओव्हरसियरांनी हरकत नोंदवली. म्हणाले, रिकामे खोके डगमगतात, बदली म्हणून आत जांभ्याचे चिरे भरून ठेवू. आजीनं त्यांच्याकडे फक्त पाहिलं. थोरलीनं वहीचं पान फाडून उंबऱ्याला चिकटवलं: "आंबे पिकल्यामुळे सर्व गाड्या रद्द. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

आजीनं चष्मा लावून ते वाचलं, खोका काखोटीला मारला आणि विचारलं, "आणि माझा कालथा कुठल्या स्टेशनात अडकलाय?"