काठी सोडा, दादा

जुलैतला रविवार, संध्याकाळचे सहा. लोणावळा स्टेशनवर पुण्याची लोकल लागलेली आणि भुशी डॅमवर भिजून आलेली अख्खी जत्रा फलाटावर लोटलेली. तिशीतली एक बाई पांढरी काठी टेकवत पुलाच्या पायऱ्या उतरत होती. शेवटच्या पायरीवरून तिचा पाय फलाटाला लागतो न लागतो तोच एका गृहस्थांनी तिच्या काठीचं टोक पकडलं आणि गुरं पाण्यावर न्यावीत तसं तिला गाडीकडे ओढत नेलं. मागून आणखी कोणीतरी पाठीवर पंजा ठेवून ढकललं. दोघांपैकी एकानेही तोंडातून शब्द काढला नव्हता.

ती मात्र बोलली. ‘दादा, काठी सोडा.’

‘ताई, मदतच करतोय.’

‘आधी काठी सोडा!’ आवाज असा की दोन डब्यांतल्या माना वळल्या. दादांनी काठी सोडली. जाताना म्हणाले, ‘भलेपणाचे दिवसच राहिले नाहीत.’

मी तिच्यापाठोपाठ बायकांच्या डब्यात चढले. मळवली गेलं, कामशेत गेलं, तेव्हा कुठे तिचा हात थरथरायचा थांबला. मी म्हटलं, अहो, माणूस वाईट नव्हता. ती म्हणाली, ‘नसेल. पण दिवसाला पाच-सहा जण मला न बोलता धरतात. त्यातला चोर कोणता, हे मला कळणार कसं?’

हा प्रश्न माझ्या मनात कधीच आला नव्हता. तुमच्याही आला नसणार. आपल्याला दिसतं, म्हणून आपल्याभोवती एक कुंपण असतं. समोरून येणाऱ्या माणसाची चाल खटकली की आपण बाजूला होतो, पर्स पुढे घेतो, पदर सावरतो. तिला कळतं तेव्हा हात अंगावर पडलेला असतो. त्यात भली माणसं रोज न विचारता दंड धरणार, खांदा दाबणार, कंबरेला हात लावून डब्यात चढवणार. असा प्रत्येक हात निमूट सोसायची सवय तिला आपणच लावतो, आणि ज्याची नियत खोटी आहे तो त्याच वाटेने आत शिरतो. त्याला काही वेगळं करावंच लागत नाही. दादांनी केलं तेच तो करतो.

म्हणून अंधांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की मला कराटेच्या वर्गाआधी हे दादा आठवतात.

काठीचं आधी सांगते. ती आधाराची काठी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी १९४४ पासून लांब काठीची पद्धत बसवली, तीच आज जगभर शिकवतात. काठी खांद्याच्या रुंदीइतकी डावी-उजवीकडे फिरते आणि पुढचं पाऊल पडेल ती जमीन आधी चाचपते. खड्डा, पायरी, फलाटाची कड, वाटेत आडवी टाकलेली बॅग, सगळं त्या टोकाला कळतं. ते टोक तुम्ही मुठीत धरलंत, तर बोरघाटाच्या वळणावर गाडी हाकणाऱ्याचे डोळे मागून झाकलेत असं समजा.

कायद्यालाही हे मान्य आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ उघडा आणि कलम ९२ वाचा. दिव्यांग माणसाच्या अवयवाला, संवेदनेला किंवा सहाय्यक साधनाला जाणूनबुजून इजा करणं, ते बिघडवणं, त्याच्या वापरात अडथळा आणणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं, शिवाय दंड. चारचौघांत अपमान करणं, धमकावणं, विनयभंगाच्या हेतूने दिव्यांग बाईच्या अंगावर हात टाकणं, हेही त्याच कलमात. त्या दादांना तुरुंगात पाठवा असं मी म्हणत नाही. पण कायद्याने काठीला हातापायांच्या पंक्तीत बसवलंय, एवढं प्रत्येक प्रवाशाला ठाऊक हवं. काठी ओढणं म्हणजे हात पिरगळणं.

लोणावळ्याभोवतीच्या मावळात हा विषय अधिक अवघड होतो, त्याचं कारण पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. पर्यटकाला तो बघायचा असतो. अंध माणसाला तो ऐकू येतो, आणि दुसरं काहीच ऐकू येत नाही. स्टेशनच्या पत्र्यावर सर कोसळायला लागली की मागची पावलं, रिक्षाचं इंजिन, फलाटाला लागणारी गाडी, सगळं त्या धडधडाटात बुडून जातं. आपल्याला खंडाळ्याचं धुकं जसं, तसं त्यांना हे. वर एका हातात छत्री, म्हणजे मोकळा हात उरला नाही. आणि फलाटाच्या कडेला खडबडीत पिवळ्या लाद्या बसवलेल्या असल्या, तर त्यांवर कोणाची तरी बॅग आणि कोणाची तरी टोपली. त्या लाद्या पायांनी वाचायच्या असतात. तिथे सामान ठेवणं म्हणजे कोणाच्या तरी वाटेवर भिंत घालणं.

ही अंध माणसं इथे पाहुणी नाहीत. खंडाळ्यात नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं, म्हणजे नॅबचं, वृद्ध अंधांसाठीचं घर आहे. लोकलने रोज कामाला जाणारे, कीचेन आणि पेनं विकणारे, शिकायला पुण्याला जाणारे अंध प्रवासी याच मार्गावर आहेत.

आता स्वसंरक्षण. महिला दिनाला शाळा-कॉलेजांत जी प्रात्यक्षिकं होतात ती डोळस मुलींसाठी बेतलेली असतात. समोरचा अमुक अंतरावर आला की लाथ, हात उगारला की अडवा. जिला अंतर दिसत नाही तिने काय करायचं? तिच्यासाठी झटापट पकडीपासून सुरू होते, आणि नेमकी तिथे तिची बाजू लंगडी नाही. अंधांच्या ज्युदोत लढत सुरू होण्याआधीच दोन्ही खेळाडू एकमेकांचा पोशाख पकडून उभे राहतात. पकड सुटली की पंच लढत थांबवतात आणि दोघांना पुन्हा मध्ये आणून पकड घ्यायला लावतात. एकदा कापड हाताला लागलं की समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे, तो कुठे झुकतोय, हे मनगटाला कळतं. मध्य प्रदेशातल्या सिहोरच्या कपिल परमारने याच खेळात ५ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं हे पहिलं पदक. लोणावळा-तळेगावातल्या आखाड्यांनी आणि ज्युदो-कराटेच्या वर्गांनी अंध मुलामुलींसाठी दार उघडायला काय हरकत आहे? जागा आहे, मॅट आहे, शिक्षक आहेत. फक्त ‘असं करा’ म्हणून लांबून दाखवायचं सोडून हाताला हात लावून शिकवायचं, तेही आधी विचारून.

सगळ्यांनाच ज्युदो जमणार नाही. डब्यात शेजारी बसलेल्या त्या पांढऱ्या काठीवाल्या बाईने मला एक गोष्ट करून दाखवली. ‘धरा माझं मनगट,’ म्हणाली. मी घट्ट धरलं. तिने मनगट माझ्या अंगठ्याच्या दिशेने वळवलं, कोपर अंगाशी घेतलं आणि एक हिसडा दिला. मनगट सुटलंसुद्धा. चार बोटं एका बाजूला, अंगठा एकटा, त्यामुळे पकड तिथेच कच्ची असते. मग तिने काठी माझ्या हातात दिली. ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या, आतून इलॅस्टिकची दोरी. ‘लोक म्हणतात, हाण की काठीने. हाणली तर वाकेल. मग मी घरी कशी जाऊ?’ पिशवीत ती दुसरी घडीची काठी ठेवते. आणि ओरडताना नुसतं ‘वाचवा’ म्हणत नाही. ‘हा माणूस माझा हात सोडत नाही’ असं पूर्ण वाक्य ओरडते, म्हणजे बघणाऱ्यांना तो नवरा-बायकोचा तंटा वाटत नाही.

फोनचंही सांगून ठेवते. तातडीला ११२, रेल्वेत १३९. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ पाचदा दाबलं की तातडीचा कॉल लागतो, पण ती सोय चालू आहे ना, हे सेटिंगमध्ये जाऊन आधी पाहावं लागतं. घरातल्या डोळस माणसाने आज रात्रीच हे काम उरकावं.

आणि पकडणारा खरोखर वाईट निघाला तर? तक्रारीला गेलेल्या अंध बाईला हमखास ऐकावा लागणारा प्रश्न म्हणजे, ‘तुम्हाला दिसत नाही, मग माणूस ओळखणार कसा?’ याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी देऊन ठेवलंय. पतन जमाल वली खटला. आंध्र प्रदेशातल्या जन्मांध तरुणीवर ओळखीच्या माणसाने बलात्कार केला, आणि तिने त्याला आवाजावरून ओळखलं. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांनी ती ओळख ग्राह्य धरली, जन्मठेप कायम ठेवली. साक्षीदार दिव्यांग आहे एवढ्यावरून तिची साक्ष दुबळी मानू नका, असं स्पष्ट सांगितलं. हा निकाल मावळातल्या प्रत्येक ठाणे अंमलदाराच्या टेबलावर असायला हवा.

हद्दीचं कारण तर मुळीच चालणार नाही. लोकलमध्ये आणि फलाटावर लोहमार्ग पोलीस, कामशेतला बाहेर पडलं की पुणे ग्रामीण, तळेगावला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय. एवढा नकाशा पाठ करून कोणी प्रवासाला निघत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवायची आहे. लैंगिक गुन्ह्यात पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी जाऊन खबर लिहून घ्यायची आहे. ‘तिकडे जा’ हे उत्तर कायद्यात नाही.

चिंचवड आलं. माझ्या शेजारची ती उठली, दाराशी जाऊन थांबली. उतरताना एक कॉलेजची मुलगी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, ‘मावशी, मी पण इथेच उतरतेय. कोपर देऊ?’ तिने काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने मुलीचं कोपर धरलं. ती अर्धं पाऊल मागे, अशा दोघी गर्दीतून सरळ जिन्याकडे गेल्या. कोपर असं धरलं की पुढच्याचं वळणं, थांबणं, पायरी चढणं आपोआप हाताला कळतं, आणि नको वाटलं तर ते सोडून देणं तिच्या हातात राहतं.

येत्या रविवारी तुम्ही लोणावळ्याला जाल, पावसात फलाटावर उभे असाल, तेव्हा पांढरी काठी दिसली तर जवळ जाऊन आधी बोला. नाव सांगा, ‘मदत हवी का?’ विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर कोपर पुढे करा. ‘नको’ असेल तर वाट मोकळी करा, आणि पिवळ्या लादीवरची तुमची बॅग उचला. काठीला मात्र हात लावू नका.