प्रकल्प कुणाचा, नाच कुणाचा?

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांत गॅदरिंग आणि विज्ञान प्रदर्शनाची धांदल सुरू होते. सगळं मुलांसाठी. मग रात्री बारापर्यंत पुठ्ठे कापत बसते ती आई का?

प्रदर्शनात हमखास भेटतो ज्वालामुखी. थर्माकोलचा डोंगर, पोटात खायचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग. फेस उसळतो, टाळ्या पडतात. हा फेस कार्बन डायऑक्साइडचा. खऱ्या ज्वालामुखीत ना सोडा असतो, ना व्हिनेगर. हे त्या मुलाला कुणी सांगितलं?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसला आहे. शाळेच्या मागच्या टेकडीवरचा काळा दगड म्हणजे तोच थिजलेला लाव्हा. तो टेबलावर मांडायला एक रुपया लागत नाही.

पहिलं बक्षीस त्या दगडाला द्या.

शेजारच्या टेबलावर ‘पर्यावरण वाचवा’. तेही थर्माकोलमध्ये! सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 मध्येच बंदी आली. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी तो परत पाठवायला हवा होता.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 29 म्हणतं, मुलानं कृतीतून, शोधातून शिकावं. दुकानातून विकत आणलेलं तयार मॉडेल यात कुठे बसतं? मुलानं शोधलं काय? दुकान.

नाचाची तऱ्हा वेगळी नाही. नृत्यदिग्दर्शक बाहेरचा, ड्रेस भाड्याचा, पैसे पालकांचे. ज्यांच्या घरी ते नाहीत, ती मुलं प्रेक्षकांत. ज्याचा ताल चुकतो तो शेवटच्या रांगेत, नाहीतर हातात फांदी धरून झाड. अहो, शाळेच्या स्टेजवर चुकायचं नाही, तर मुलानं चुकायचं कुठे?

आणि पाहुण्यांचं भाषण लांबलं की पहिलीतली पोरं मेकअपसकट उपाशी बसून. भाषण शेवटी ठेवा. ज्यांना ऐकायचंय ते थांबतील.

अख्खी तुकडी एकदम नाचेल असा नाच आपल्याकडे आहेच. लेझीम. एक हलगी, एक मैदान, रोजचा गणवेश. ताल चुकला तरी पुढच्या ठेक्याला सापडतो. ड्रेसचं भाडं नाही, निवड चाचणी नाही. किती शाळांत ती लेझमं सामानाच्या खोलीत गंजत पडली आहेत! काढा बाहेर.

पालकहो, यंदा प्रदर्शनाला गेलात तर मॉडेलपाशी उभ्या असलेल्या मुलाला एवढंच विचारा, “करताना काय काय बिघडलं रे?” तो सांगू लागला तर मोबाइल खिशात ठेवा आणि पूर्ण ऐका.