पाणी हलतंय!

नानांसमोर ट्रायपॉड हा शब्द काढू नये. तुमच्याही ओळखीत असा एक गृहस्थ असेलच. नसेल तर आमचे घेऊन जा. मी फक्त मोबाइलसाठी स्टँड घेतला होता. नानांनी त्याचा एक पाय चिमटीत धरून हलवला आणि मुलाला नोकरीच नाही हे ऐन साखरपुड्यात कळावं तसा चेहरा केला.

नानांकडे मामिया आरबी ६७ आहे. मॉडेल १९७० सालचं, लेन्ससकट वजन अडीच किलोंच्या वर. १२० चा रोल, त्यात फोटो दहाच. आतला आरसा एवढा थोरला की उचलला जाताना धाप्प आवाज होतो. "एवढी मोठी निगेटिव्ह घ्यायची आणि ती हलवायची, तर मग पस्तीस एमएमनं काय घोडं मारलं होतं?"

त्यांची परीक्षा एकच, अर्धा ग्लास पाणी. दुकानात जायचं, ट्रायपॉड पूर्ण उघडायला लावायचा, माथ्यावर ग्लास ठेवायचा आणि पायाला टिचकी मारायची. दुकानदार कार्बन फायबरचे गुण गातोय आणि नाना ग्लासात वाकलेले. "पाणी हलतंय." मधला दांडा वर काढून दाखवणाऱ्या पोऱ्याला म्हणाले, "तीन पाय दिलेत ना त्याला? मग काठीवर कशाला चढवतोस?" दांडा वर काढायचा नाही, चार तुकड्यांच्या पायांपेक्षा तीन तुकड्यांचे बरे, जड कॅमेऱ्याला बॉलहेडपेक्षा पॅन-टिल्ट हेड बरं, हे सगळं मला फुकटात ऐकावं लागलं. वैताग असा की ते खरं आहे.

पुढे खोडच लागली. अमृततुल्यातलं टेबल: "पाणी हलतंय." भाचीच्या लग्नातलं स्टेज: "पाणी हलतंय." मुलाच्या बाविसाव्या मजल्यावर वास्तुशांतीला गुरुजी मंत्र म्हणताहेत आणि नाना कलशात वाकलेले! मुलगा बरेच दिवस बोलत नव्हता.

शेवटी जुन्या बाजारात त्यांना जमीनमोजणीवाल्यांची लाकडी तिपाई मिळाली. तिचा स्क्रू पाच सुती, कॅमेऱ्याला हवा तीन सुती; लेथवाल्याकडून पितळी तुकडा काढून घेतला. लाकूड थरथर गिळतं म्हणे. पायांना लोखंडी अण्या आहेत, म्हणून वहिनी ती घरात येऊ देत नाहीत आणि रिक्षावाले लांबूनच नाही म्हणतात.

आमचा वाडा पाडायला निघाला तेव्हा ही वरात न बोलावता चौकात आली. सगळ्यांना ओट्यावर बसवलं. ओट्यापासून मागच्या तुळईपर्यंत सगळं स्वच्छ यायला हवं, म्हणून अ‍ॅपर्चर २२ वर आणि उघडझाप अर्ध्या सेकंदाची. आरसा आधीच वर करून ठेवला, मग केबल रिलीज दाबली. तेवढा वेळ आमच्या घरातलं कुणी गप्प बसल्याचं आठवत नाही.

वाड्याच्या जागी आता पार्किंग आहे. फोटोत मात्र तुळईतली चीर दिसते, हौदावरचं शेवाळ दिसतं, नळाखालच्या बादलीवर कोरलेलं आजोबांचं नाव वाचता येतं. नानांना हे कधी सांगितलं नाही, डोक्यावर बसतील. फक्त आजीचा चेहरा पुसट आलाय. नेमकी त्याच वेळी ती कुणाला तरी "जेवून जा रे" म्हणायला वळली.

"नाना, आजी हलली हो."

"त्या हलल्या. तिपाई नाही हलली," नाना कडाडले. "ती बादली बघ. पाणी हललंय का?"