एसी टू-टायरमध्ये अंतर्मुख कसं व्हावं?

प्रिव्हिलेजला मराठीत विशेषाधिकार म्हणतात खरं, पण तो शब्द ऐकला की विधानसभेतली हक्कभंगाची नोटीसच डोळ्यांपुढे येते. आपण साधं 'सुदैव' म्हणू. आपल्या सुदैवाची मनाला बेताची टोचणी लावून घ्यायची असेल, तर नागपूरहून चेन्नईकडे जाणारी ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस धरा. नवशिक्यांना सोपी पडते.

1. तिकीट लोअर बर्थचंच काढा. वरच्या बर्थवर मान मोडून बसलं की स्वतःचीच कीव येते, दुसऱ्याची येत नाही.

2. वरोरा आलं की आनंदवनाचा विषय काढा. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती काढली, एवढं ठाऊक असलं तरी भागतं. मग समोरच्याला सांगा, "कॉलेजात असताना सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाणारच होतो." तोही जाणारच होता.

3. चंद्रपूरची धुराडी दिसली की चादर गळ्यापर्यंत ओढा. 2,920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. "राख यांच्या छातीत अन् एसी आपल्या घरात," असं पुटपुटा. डब्याची काच उघडत नाही, त्यामुळे राखेची काळजी नको. गारठा फार वाटला तर अटेंडंटला सांगा. टोचणीत हुडहुडी मिसळली की दोन्हींची मजा जाते.

4. आता गडचिरोलीसाठी हळहळा. ही पायरी जरा अवघड, कारण गडचिरोली या गाडीतून दिसतच नाही. 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झालेला, चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठा जिल्हा. त्यात वर्षानुवर्षं रेल्वे स्टेशन एकच, वडसा, तेही गोंदियाच्या लाइनीवर. वडसा-गडचिरोली हा 52 किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन बरीच वर्षं झाली. सिरोंचाचा माणूस गाडी धरायला तेलंगणात मंचेरियालला जातो. पण हळहळायला स्टेशन लागत नाही. डाव्या खिडकीतून पूर्वेकडे बघा आणि दिसेल ते झाड सागाचं समजा.

5. बल्लारशाला गाडी जरा थांबते. खाली उतरा. मिरचीच्या तोडणीचे दिवस असतील तर नशीब काढलंत, तोडणीला निघालेले मजूर फलाटावरच बसलेले असतात. तांदळाची पोती, लुगड्यात बांधलेले जर्मनचे गंज, पन्नीत खर्रा घोटत बसलेला पोरगा, गंजांना टेकून झोपलेलं लेकरू, सगळं एका चौकटीत मावतं. फोटो पाठमोराच घ्या. चेहरा आला की विचारावं लागतं, आणि विचारलं की माणूस बोलायला लागतो.

6. फोटो काढताना गाडीकडे लक्ष ठेवा. मी ठेवलं नव्हतं. गाडी हलली, हाताला लागला तो जनरलचा डबा. जनरलमधून एसीत जायला आतून वाट नसते, ही माहिती मला तिथेच मिळाली. तुमच्यावर ही वेळ आलीच तर घाबरू नका. इथे अंतर्मुख व्हायची सोय नाही. दोन्ही पाय एकदम टेकतील एवढी जागा शोधण्यात चित्त गुंतून राहतं. थोड्या वेळाने एखादी बाई पोरीला मांडीवर घेईल आणि शेजारणीला म्हणेल, "सरक ना वं, साहेबाले बसू दे."

नको-नको म्हणा, आणि बसा. अर्धं बूड बाकावर, अर्धं पोत्यावर.

"कुठं चालले?" असं विचारून ठेवा. "मिरच्या तोडाले," ती म्हणेल. मग तीही विचारेल, "तुमी जी?" याचं उत्तर घरूनच तयार करून न्या. मी "भाचीचं लग्न" म्हणालो, तर मुलगा काय करतो, हुंडा किती, जेवणात काय, सगळं तिने विचारून घेतलं. तोडणीची मजुरी किती, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.

7. सिरपूर कागजनगर आलं की उडी टाका आणि फलाटावरून आपल्या डब्याकडे पळत सुटा. तुमच्या लोअर बर्थवर तोवर कुणीतरी बसलेलं असेल. त्याला तिकीट दाखवा आणि उठवा.